ब्रेमेनमधले सहा महिने आणि फीबरोबर आलेला रेल्वे पास: वापरानंतरचा अनुभव

औंधच्या ब्रेमेन चौकात सिग्नलला किती वेळा थांबले असेन याची गणती नाही, पण जर्मनीतल्या त्या नावाच्या गावात आपण सहा महिने राहू असं तिसऱ्या वर्षाच्या निकालापर्यंत वाटलं नव्हतं. एप्रिल ते सप्टेंबर २०२५, एक्स्चेंजचं एक सेमिस्टर. परत आल्यापासून ज्युनियर मंडळी अभ्यासाबद्दल अवाक्षर काढत नाहीत. "वीकेंडला कुठे कुठे गेलीस आणि किती पैसे लागले?" एवढंच. म्हणून त्या फिरण्यामागच्या पासबद्दल एकदाच सविस्तर लिहिते.

आधी व्यवहार. जर्मनीत मे २०२३ मध्ये ४९ युरोचं डॉइचलांडटिकेट सुरू झालं. महिनाभर देशभरातल्या लोकल, प्रादेशिक गाड्या, ट्राम, मेट्रो, शहर बस, सगळं त्यात. २०२५ मध्ये त्याचे ५८ झाले, जानेवारी २०२६ पासून ६३. बऱ्याच विद्यापीठांत विद्यार्थ्यांना तेच साठ टक्के दरात मिळतं; मला महिना ३४ युरो ८० सेंट पडलं. मिळतं म्हणजे फीमध्येच धरलेलं असतं, नको म्हणायची सोय नाही. सहा महिन्यांचे २०८ युरो ८० सेंट. तेव्हा युरो शंभरीच्या आसपास घुटमळत होता, म्हणजे वीस-एकवीस हजार रुपये. पावती पाहून बाबांचा पहिला प्रश्न, "हे बस-ट्रेनचे वीस हजार कसले?" मी म्हटलं, "वसूल करते ना!"

घोळ तिथेच झाला. वसूल करायचं म्हणजे लांब जायचं, असं माझं साधं गणित. मे महिन्यात एका शुक्रवारी दुपारी लेक्चर संपवून म्युनिकला निघाले. आयसीई या वेगवान गाड्या आणि आयसी वगैरे लांब पल्ल्याच्या गाड्या या पासवर चालत नाहीत. वेगवान गाडीने साधारण सहा तासांत होणारा प्रवास आपल्याला टप्प्याटप्प्याने करायचा असतो: हानोफर, ग्योटिंगेन, बेब्रा, फुल्डा, व्यूर्त्सबुर्ग, मग पुढे. कागदावर अकरा तास. ग्योटिंगेनची गाडी वीस मिनिटं उशिरा आली आणि बेब्र्याला पुढची गाडी डोळ्यांदेखत सुटली. बेब्रा म्हणजे जर्मनीचं दौंड समजा. गाव लहान, स्टेशन गावापेक्षा मोठं, आणि जो तो तिथे गाडी बदलायलाच उतरलेला. तासभर बाकावर बसून दशमी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. एक जोडणी चुकली की पुढच्या सगळ्या ओळीने चुकतात. रात्री दहाच्या पुढे व्यूर्त्सबुर्गला पोचले आणि तिथेच हात टेकले. म्युनिकच्या हॉस्टेलचे पैसे पाण्यात. सकाळी तिथला राजवाडा, रेसिडेन्झ, पाहिला. मुख्य जिन्यावर मान मोडेपर्यंत वर बघायला लावणारं टिएपोलोचं छतचित्र आहे, त्याने थोडी भरपाई झाली. पण वीकेंडचे वीसेक तास गाडीत घालवून मी कोणाचं काय वसूल केलं ते मला अजून कळलेलं नाही.

त्यानंतर नियम केला: एका बाजूला अडीच तास, त्याच्या पुढे नाही. लांब जायचंच असेल तर महिना-दीड महिना आधी वेगवान गाडीचं स्वस्तातलं तिकीट शोधायचं. तुम्हीही हेच करा.

अडीच तासांच्या आत मात्र हा पास सोनं आहे. हांबुर्ग सव्वा तासावर. एरवी एका बाजूचं भाडंच पंचवीस युरोच्या वर, त्यामुळे तिथे एकदा जाऊन आलात की त्या महिन्याचे पैसे सुटले. मी नऊ वेळा गेले. पहिल्या खेपेला सगळ्यांसारखं केलं: श्पायखरश्टाटची विटांची गोदामं, एल्बफिलहार्मोनी हे संगीत सभागृह, १९११ सालचा जुना एल्ब बोगदा (नदीखालून चारशे सव्वीस मीटर, पायी जायला फुकट). दुसऱ्या खेपेपासून फक्त फेरी. लांडुंग्सब्र्युकेन धक्क्यावर बंदर फिरवणाऱ्या बोटींचे लोक तिकिटं विकत उभे असतात, आणि त्याच धक्क्यावरून ६२ नंबरची फेरी फिंकनवेर्डरला जाते. ती शहर वाहतुकीत मोडते, म्हणजे पासात बसते. वरच्या डेकवर उजवीकडे बसायचं. वाटेत अजस्र कंटेनर जहाजं इतक्या जवळून जातात की त्यांच्या पोटावरचा गंज दिसतो. नॉयम्युलेनला उतरलं की वाळूचा किनारा आहे, तिथे पाय सोडून बसायचं आणि कंटाळा आला की पुढची फेरी. एकदा तर परीक्षेच्या नोट्स घेऊन चारदा या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. कोणी काही विचारलं नाही.

दुसरी जागा कुक्सहाफेन. ब्रेमरहाफेनला गाडी बदलायची. तिथे ओहोटीला समुद्र इतका आत जातो की क्षितिजापर्यंत नुसता चिखल उरतो. या किनारपट्टीला २००९ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. नॉयवेर्क नावाच्या बेटापर्यंत लोक साधारण दहा किलोमीटर चिखलातून चालत जातात, घोडागाड्याही जातात. मी गाइडशिवाय गेले होते, म्हणून किनारा सोडला नाही. अनवाणी उतरले तर थेट मुळशीतल्या आत्याच्या भातखाचराची आठवण: वरून गार, खाली बोटांना कोमट, आणि पाऊल उचलताना तोच 'फच्' आवाज. जवळून पाहिलं तर चिखलावर शेवयांच्या गुंतवळीसारख्या बारीक ढिगाऱ्या, किड्यांनी खाऊन बाहेर टाकलेल्या वाळूच्या. भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघितल्याशिवाय मात्र जाऊ नका. मी पहिल्यांदा भरतीला पोचले आणि गारठ्यात माशाचा पाव खाऊन परत आले.

आता तक्रारी. गाड्या वेळेवर असतात हे आपण जर्मनीबद्दल ऐकलेलं असतं, ते विसरा. जागा राखून ठेवता येत नाही. उन्हाळ्यातल्या शनिवारी सायकली, बाबागाड्या आणि वेर्डर ब्रेमेन या फुटबॉल संघाची मॅच असेल तर हिरवे स्कार्फ घातलेली अर्धी पलटण, अशा गर्दीत दाराशी उभं राहून हांबुर्ग गाठावं लागतं. सिंहगड एक्सप्रेसची सवय असलेल्यांना त्रास होणार नाही.

पास मोबाइलवर असतो आणि सोबत फोटोचं ओळखपत्र लागतं. ल्युबेकहून परतताना माझी बॅटरी संपली आणि नेमका त्याच दिवशी टीसी आला. साठ युरोची पावती फाडली. पास नावावरचा असल्यामुळे नंतर ऑफिसात तो दाखवून सात युरोंवर सुटका झाली, पण तो आठवडा झोप नव्हती. पॉवर बँक न्या, लाजू नका.

भाषेच्या कोर्सला आलेल्या माझ्या पुण्याच्या मैत्रिणीला विद्यार्थी दर लागू नव्हता, तिने पूर्ण किमतीचं घेतलं. ते दरमहा आपोआप चालू राहतं. बंद करायचं तर महिन्याच्या १० तारखेच्या आत कळवावं लागतं. तिने १२ तारखेला कळवलं. ती ऑगस्टमध्ये पुण्यात मिसळ खात होती आणि खात्यातून ५८ युरो गेले.

रविवारी दुकानं बंद, त्यामुळे शनिवारीच डबा भरा. स्टेशनवरची दुकानं उघडी असतात, पण पाण्याच्या बाटलीचा भाव बघून तहान जाते. बाटलीवरचे २५ सेंट डिपॉझिट मशीनमध्ये परत मिळतात, तेवढे तरी सोडू नका.

माझा पास ३० सप्टेंबरला मध्यरात्री संपला आणि विमान २ ऑक्टोबरचं होतं. विमानतळावर जायला सहा नंबरची ट्राम, सहा महिन्यांत शेकडो वेळा चढलेली. हातात दोन बॅगा, आणि तिकिटाच्या मशीनसमोर उभी राहून मला कळेना कुठलं बटण दाबायचं. मागच्या आजींनी हात पुढे करून माझ्यासाठी तिकीट काढलं, आणि हसून जर्मनमध्ये विचारलं, "ब्रेमेनमध्ये पहिल्यांदाच आलीस का?"