इस्त्री केलेली रेष

सबवूफर, म्हणजे खर्जाचे आवाज काढणारा स्पीकर, ‘ट्यून’ करून देतो म्हणणाऱ्या एकाने मला व्यवस्थित गंडवलं. तेही कानाला नाही, डोळ्याला. समोर आलेख आला की आपण प्रश्न विचारायचे थांबतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

आला तेव्हा थाट मोठा होता. लॅपटॉप, स्टँडवर माइक, लांबलचक वायर. सोफ्यावर एकाच जागी माइक ठेवून तीन-चारदा ‘हूऽऽप’ असा चढता आवाज सोडला आणि पाऊण तासात कुठला सूर किती जोरात ऐकू येतो त्याची दोन चित्रं दाखवली. ‘आधी’ची रेष करवतीच्या दात्यांसारखी, ‘नंतर’ची इस्त्री केल्यासारखी. मग सिनेमातला एक स्फोट लावला. सोफा हादरला, मी खूश, पैसे हातावर ठेवले.

आठवड्यातच कुरबुर सुरू झाली. गाण्यात बेस गिटारचे काही सूर चक्क गायब. बायको म्हणाली, “अहो, हा सिनेमातला माणूस बोलतोय की डब्यात तोंड घालून ओरडतोय?” फोन केला तर उत्तर आलं, “सबवूफर अजून मोकळा व्हायचाय.” मापनाची मूळ फाइल मागितली, ती काही मिळाली नाही. चित्रं मात्र दोनदा पाठवली.

शेवटी मापनाचा माइक घेतला आणि ‘रूम ईक्यू विझार्ड’ हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टाकलं. त्यात स्मूदिंग नावाची, रेषेची सरासरी काढून ती गुळगुळीत करणारी सोय आहे. ती एका ऑक्टेव्हवर, म्हणजे सा ते वरचा सा एवढ्या पट्ट्यावर ठेवली की कुठल्याही खोलीतले खड्डे, म्हणजे आवाज पडतो त्या जागा, बुजलेले दिसतात. त्याच्या चित्रांच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलेलंच होतं: ‘आधी’ 1/48 ऑक्टेव्ह, ‘नंतर’ 1/1. आलेखाची उभी पट्टीसुद्धा आधी 50 डेसिबलची, नंतर 150 ची. एवढ्या पट्टीवर डोंगरही सपाट दिसेल! मी मात्र तेव्हा रंगच बघत बसलो होतो.

बाकीचं घाईतलं काम. स्पीकरना आवाज वाटून देणाऱ्या रिसीव्हरमध्ये क्रॉसओव्हर, म्हणजे ज्या सुराखालचा आवाज सबवूफरकडे जातो ती सीमा, 80 हर्ट्झ आणि सबवूफरच्या मागचा खटकाही 80 वरच, म्हणजे एकच आवाज दोनदा गाळलेला. फेजचं, म्हणजे सबवूफरची लाट उलटसुलट करणारं बटण 180 वर. पुढचे स्पीकर आणि सबवूफर एकत्र वाजवून मोजलं तर 80 च्या आसपास मोठा खड्डा. बटण 0 वर नेलं आणि तो बराचसा भरला. त्याने दोन्ही एकत्र मोजलंच नव्हतं.

सगळ्यात राग आला तो 48 हर्ट्झवरच्या खड्ड्याचा. तिथे भिंतीवरून परतणारी लाट मूळ लाटेला खाते, आणि या पठ्ठ्याने इक्वलायझरने, म्हणजे ठरावीक सूर कमी-जास्त करणाऱ्या सोयीने, तिथे 9 डेसिबल वाढवले होते. म्हणजे अॅम्प्लिफायरवर जवळजवळ आठपट ताकदीचा भार. खड्डा तिथेच, कारण जेवढं वाढवाल तेवढी परतणारी लाटही वाढते. सबवूफर भिंतीलगत दोन फूट सरकवला तेव्हा कुठे तो उथळ झाला.

कोणाला बोलावणारच असाल तर फाइल तुमच्या पेनड्राइव्हवर घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. आधी-नंतरचं स्मूदिंग आणि पट्टी सारखीच हवी, आणि माइक निदान तीन-चार बैठकींवर फिरायला हवा. आणि स्फोट लावायला लागला तर थांबवा. आवाज नुसता वाढवला तरी कोणालाही तो सुधारल्यासारखाच वाटतो.

परवा त्याचा निरोप आला: तुमच्या खोलीला आणखी एक सबवूफर लागेल, माझ्याकडे आहे.