‘निळा कारवान’ म्हणून विकलेले बिस्किटी पिल्लू

कारवान जातीच्या कुत्र्याच्या पिल्लाच्या पावतीवर एवढेच लिहिले होते : ‘कारवान, नर, करडा, एक नग, २२,००० रुपये.’ बोलताना मात्र शब्द होता ‘निळा’, तोही ‘हजारात एखादा निघतो’ असा. लातूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने मोबाइलवर व्हिडिओ पाहून ५,००० रुपये इसार पाठवला आणि पाच आठवड्यांचे पिल्लू ताब्यात घेताना उरलेली रक्कम मोजली. तीन महिन्यांचे होईस्तोवर ते पिल्लू चक्क बिस्किटी झाले. विकणाऱ्याचे उत्तर तयारच होते : ‘करडाच दिला होता, उन्हाने फिका पडला.’

उन्हाने असे होत नाही. बिस्किटी कारवानची कितीतरी पिल्ले जन्मतः काळपट असतात. केसाचे मूळ फिके आणि टोक काळे असते. पाठीवर आणि शेपटीवर ही काळी टोके दाट असली की लांबून अंग राखाडी दिसते. बाळकेस गळून नवे येऊ लागले की काळेपणा ओसरतो. तोंडावरचा तेवढा कधीकधी टिकतो. म्हणूनच असे पिल्लू चार-पाच आठवड्यांचे असतानाच खपवायची घाई असते. आठ आठवड्यांखालचे पिल्लू विकायला कुत्र्यांच्या पैदास व विक्रीच्या २०१७ च्या नियमांनी मनाई आहे. ते तीन आठवडे थांबले असते, तरी रंगाची दिशा कळली असती.

खरा निळा म्हणजे काळ्याचाच उतरलेला, म्हणजे फिकट रंग. त्यात केस मुळापासून टोकापर्यंत सारखा, शाळेच्या जुन्या दगडी पाटीसारखा असतो. नाकाचा शेंडा, पापण्यांच्या कडा आणि पंजाच्या गाद्याही त्याच रंगाच्या असतात, काळ्या नव्हे. पिल्लू दिवसाउजेडी दारात घ्या आणि पाठीवर हलकी फुंकर मारा. केस दुभंगले की मूळ दिसते. मूळ मलईसारखे, टोक काळे आणि नाक काळे, तर ते पिल्लू बिस्किटी होणार. मूळ फिके पण नाक पाटीच्या रंगाचे, तर तो उतरलेला बिस्किटी, निळा नव्हे. नाकावर गुलाबी ठिपके असतील तर घाबरू नका. लहानपणी बहुतेकांचे नाक हळूहळू भरते. भरलेला भाग काळा आहे की पाटीचा, एवढे बघा. डोळ्यांच्या निळेपणावर तर मुळीच जाऊ नका. डोळे उघडतात तेव्हा जवळपास सगळ्याच पिल्लांचे ते निळसर असतात.

आईबाप समोर उभे करून बघितल्याशिवाय इसार देऊ नका. पिल्लू निळे व्हायला तो गुण आई आणि बाप दोघांकडूनही यावा लागतो. काळ्या नाकाच्या दोन कुत्र्यांच्या पोटी निळे पिल्लू येऊ शकते, पण दोघांच्या अंगात तो गुण दडलेला असेल तरच, आणि तेही सरासरी चारांत एक. आई काळी, बाप बिस्किटी, दोघांची नाके काळी आणि वेतातली सातही पिल्ले ‘निळी’ असतील, तर तिथून उठून या. वाघ्या म्हणजे पट्टेरी पिल्लाचेही तसेच : आईबाप दोघेही साधे बिस्किटी असतील, तर पट्टा आला कुठून, हे विचाराच. अंधूक पट्टे केस ओले केल्यावर स्पष्ट दिसतात.

रंग लावून विकायचे प्रकारही आहेत. कोमट पाण्यात भिजवलेला पांढरा कपडा कानामागे आणि पोटावर घासून बघा. पक्का रंग कपड्यावर उतरत नाही, पण कातडीवर डाग राहतात आणि नाकाशी केसांचा मेळ बसत नाही.

निळा खरा निघाला, तरी एक जोखीम उरते. अशा उतरलेल्या रंगाच्या काही कुत्र्यांचे पाठीवरचे केस साधारण सहा महिन्यांनंतर विरळ होऊ लागतात, कातडी कोरडी पडते, पुळ्या येतात. त्यावर कायमचा इलाज नाही. पशुवैद्याच्या सल्ल्याने कातडी जपावी लागते. नुसत्या रंगापायी जास्त पैसे मोजण्यात आम्हाला तरी शहाणपण दिसत नाही. कारवान घ्यायचा तो पाय, छाती आणि धाव बघून.

तरीही रंग नोंदवायचाच, कारण पिल्लू बदलून देण्याची लबाडी त्यानेच पकडता येते. व्हिडिओत दाखवलेले एक आणि पिशवीतून आलेले दुसरे, हे फार होते. ‘करडा’, ‘भुरा’, ‘राखी’ हे शब्द गावागणिक बदलतात. ते एकटे लिहू नका. पांढऱ्या खुणांना धरून लिहा. पांढरा चट्टा अंगासोबत वाढतो, पण जागा सोडत नाही. बोटांच्या टोकांवरचा इवलासा पांढरा मात्र पुढे पुसला जाऊ शकतो आणि पांढऱ्यावर बारीक ठिपके नंतर उगवू शकतात, तेव्हा भिस्त छातीच्या चट्ट्यावर ठेवा. फोटो सावलीत, पण उजेडात काढा. शेजारी कोरा पांढरा कागद आणि रुपयाचे नाणे ठेवा. कागद निळसर दिसला तर फोटोच निळा आहे.

इसार देऊन विक्रेता गायब झाला, तर त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात सरकतात. पिल्लू हातात आल्यावरच्या भांडणात ग्राहक आयोगापुढे पावतीच बोलते. त्या शेतकऱ्याची पावती अशी असती, तर विकणाऱ्याला पळवाट नव्हती :

‘कारवान, नर, वय आठ आठवडे. अंग निळे, केस मुळापासून टोकापर्यंत एकरंगी. नाक, पापण्यांच्या कडा, गाद्या पाटीच्या रंगाच्या. छातीवर उभा पांढरा चट्टा, लांबी ४ सेंमी, खालचे टोक डावीकडे वळलेले. पुढच्या उजव्या पायाची दोन बोटे पांढरी. शेपटीचे टोक निळे. मायक्रोचिपचा पंधरा आकडी क्रमांक दोघांसमोर स्कॅनरवर वाचून लिहिला. रंग वेगळा निघाल्यास पूर्ण रक्कम परत.’ खाली दोघांच्या सह्या आणि तारीख.