पांढऱ्या उजेडाचा लेसर घेताय? आधी आतला पंप विचारा

पुण्यातल्या आमच्या प्रयोगशाळेत सुपरकंटिन्युअम लेसर, म्हणजे एकाच बीममध्ये सगळे रंग देणारा लेसर, आल्यापासून इतर गटांतले लोक एकच विचारतात, घ्यावा का? घ्या, जरूर घ्या. पण माहितीपत्रकावरच्या ‘400 ते 2400 नॅनोमीटर’ या ठळक आकड्यावर भाळून घेऊ नका. तो आकडा खरा असतो, मात्र बहुतेकांचं काम त्यावर अडत नाही.

आमचं यंत्र नेहमीच्या घडणीचं आहे. आतला यिटर्बियम फायबर लेसर, म्हणजेच पंप, 1064 नॅनोमीटरचे, काही पिकोसेकंदांचे (सेकंदाच्या लाख-कोटीव्या भागांचे) पल्स देतो आणि ते फोटॉनिक क्रिस्टल फायबरच्या काही मीटर लांबीतून जाताना सगळ्या रंगांत पसरतात. या फायबरच्या गाभ्याभोवती हवेची बारीक छिद्रं असतात. त्यांच्या मांडणीवरून डिस्पर्शन, म्हणजे वेगवेगळ्या रंगांच्या वेगातला फरक, हवं तसं वळवता येतं. 2000 साली बेल लॅब्जमध्ये अशाच 75 सेंटिमीटर फायबरात टायटेनियम-सफायर लेसरचे 100 फेमटोसेकंदांचे पल्स सोडले होते (फेमटोसेकंद म्हणजे पिकोसेकंदाचा हजारावा भाग). पल्सची ऊर्जा नॅनोज्यूलपेक्षाही कमी, तरी स्पेक्ट्रम जांभळ्यापासून इन्फ्रारेडपर्यंत पसरला. आजची बाजारातली यंत्रं त्याच कल्पनेवर उभी आहेत.

खरा फरक पडतो तो पंपाच्या पल्सच्या लांबीने. पिकोसेकंदांचा लांब पल्स फायबरात फुटतो, आणि त्या फुटण्याची सुरुवात प्रकाशातल्या नॉइजपासून, म्हणजे बारीक अनियमित चढउतारांपासून, होते. म्हणून प्रत्येक पल्सचा स्पेक्ट्रम वेगळा निघतो. स्पेक्ट्रोमीटर हजारो पल्सची सरासरी दाखवतो, त्यामुळे पडद्यावर सगळं गुळगुळीत दिसतं. विक्रेत्याच्या सादरीकरणातही हाच गुळगुळीत आलेख असतो. फेमटोसेकंदाचा पंप आणि सर्वत्र नॉर्मल डिस्पर्शन असलेलं (लाल रंग निळ्यापेक्षा वेगाने नेणारं) फायबर अशी जोडी घेतली तर पल्स एकमेकांसारखे निघतात. रुंदी मात्र कमी मिळते, 2400 पर्यंत मजल जात नाही. मला विचाराल तर हा सौदा फायद्याचा आहे.

आम्ही या लेसरवर ओसीटी करतो, म्हणजे प्रकाशाने थरांची चित्रं काढतो. नमुना असतो द्राक्षाची साल. 800 नॅनोमीटरच्या आसपास 50 नॅनोमीटर रुंदीचा साधा डायोड वापरला तर खोलीतलं रिझोल्यूशन साडेपाच मायक्रॉनच्या वर जातं. याच लेसरमधून 200 नॅनोमीटरचा पट्टा घेतला की ते 1.4 मायक्रॉनवर येतं. सालीचे थर पहिल्यांदा सुटे दिसले तेव्हा आम्ही सगळे पडद्याला चिकटून बसलो होतो. त्यासाठी या यंत्राला मी मनापासून दाद देते. आमचा पल्स-दर 80 मेगाहर्ट्झ आहे. कॅमेऱ्याला 10 मायक्रोसेकंद दिले की एका ओळीत 800 पल्स मिसळतात आणि नॉइज बराच दबतो. कॅमेरा वेगात चालवला की तोच नॉइज लगेच चित्रात उतरतो.

शक्तीचा हिशेब आधीच करून ठेवा. 4 वॅट ऐकायला भरपूर वाटतात, पण 2000 नॅनोमीटरच्या रुंदीवर वाटले की सरासरी नॅनोमीटरमागे 2 मिलिवॅट पडतात. त्यातही बराचसा वाटा इन्फ्रारेडचा. गॉगलचा प्रश्न तर कुणी आधी सांगतच नाही. इतक्या रुंद उजेडाला एका रंगापुरता चष्मा पुरत नाही, आणि सगळे रंग अडवणारा चष्मा घातला तर समोरचं काहीच दिसत नाही. त्यामुळे बीम डब्यात बंद ठेवणं आणि हवा तेवढाच पट्टा फिल्टरने बाहेर काढणं, हाच मार्ग. डबा लेसरबरोबरच मागवा.

तक्रार एकच, पण मोठी. कालांतराने आमच्या स्पेक्ट्रमची निळी बाजू उतरत गेली. जोरदार पल्स सतत जात राहिले की फायबरची काच काळवंडते आणि निळा प्रकाश आधी गिळते, हे या क्षेत्रात माहीत असलेलं दुखणं आहे. कंपनीने मात्र हमीत धरायला नकार दिला. हमी एकूण वॅटची होती आणि एकूण वॅट तेवढेच भरत होते. कागदावर त्यांचं बरोबर. प्रयोग करणाऱ्याच्या दृष्टीने हे वागणं मला अजिबात पटलेलं नाही.

पुढच्या यंत्राच्या निविदेत मी 450 ते 500 नॅनोमीटरच्या पट्ट्याची शक्ती वेगळी मागितली आहे, हमीसकट. शिवाय पंपाच्या पल्सची लांबी, फायबरचा डिस्पर्शन आलेख आणि पल्सागणिक मोजलेला नॉइजही मागितला आहे. यातलं काही द्यायला विक्रेता कचरत असेल तर दुसऱ्याकडे जा.