टिळकवाडी ते वडगाव: पंखा, नळ आणि गीझरची एकहाती सेवा

बेळगावच्या दक्षिण भागात पेटी घेऊन घरोघरी फिरणारे कारागीर कमी नाहीत. पण त्यातले कितीतरी दोन-तीन वर्षांत एखाद्या कंत्राटदाराकडे लागतात, नाहीतर गोव्याची वाट धरतात. इथं ज्या सेवेचा आढावा घेतलाय, ती चालवणारा माणूस एकटाच आहे. ना दुकान, ना पोरगा हाताखाली. स्कूटर, पेटी आणि एक वही, एवढाच पसारा. तरी धंदा टिकलाय, आणि तो कशामुळे टिकलाय हे कामातच दिसतं.

कामं तीनच: छताचा पंखा, नळ-फ्लश, साठवणीचा गीझर. वॉशिंग मशीन, फ्रीज, नवी वायरिंग, बाथरूमचं नवं काम यांना फोनवरच नकार. बीएलडीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक बोर्डवर चालणारा, पंखाही उघडत नाही. बोर्ड कंपनीच्या वॉरंटीत जातो, तिकडं पाठवा म्हणतो. गिऱ्हाइकाला हे आधी तुसडं वाटतं. पण तीनच कामं असल्यामुळं लागणारं सामान एका पेटीत मावतं आणि बहुतेक घरी पहिल्याच फेरीत काम उरकतं. एका वॉशरसाठी गणपत गल्लीच्या बाजारात जायचं म्हटलं तर गाडी लावण्यापासून परत येईपर्यंत तास मोडतो, आणि त्या तासाचे पैसे कुणीच देत नाही.

पेटी बघण्यासारखी आहे. पंख्याचे २.५ एमएफडीचे (मायक्रोफॅरड, कंडेन्सरचं माप) चार कंडेन्सर, ६२०२ आणि ६२०१ नंबरच्या बेअरिंगची एकेक जोडी, अर्धा इंची नळाचे वॉशर आणि जम्पर, सिरॅमिक स्पिंडलचे (मुठीखालचा फिरता दांडा) पाच-सहा प्रकार, अँगल कॉक दोन, टेफ्लॉन टेप, फ्लशच्या टाकीचं सायफन वॉशर, गीझरचा थर्मोस्टॅट, कटआउट (जास्त तापलं की वीज तोडणारा), २००० वॅटची कॉईल, गॅस्केट, टाकीऐवजी स्वतः झिजणारा मॅग्नेशियमचा रॉड. स्पिंडलच्या दात्यांची संख्या नळागणिक बदलते, म्हणून फोनवर तो नळाचा आणि मूठ काढता आली तर आतल्या दात्यांचाही फोटो मागतो. फोटो न पाठवणाऱ्याच्या घरी दुसरी फेरी पडते, आणि ती फुकट नसते. आमच्या मते हे रास्तच.

वेळ ठरवायच्या आधी त्याचा एक प्रश्न ठरलेला: "काकू, पाणी कुठल्या दिवशी येतंय तुमच्याकडं?" ज्या भागात पाणी दिवसाआड किंवा चार दिवसांनी येतं, तिथं पाण्याच्या दिवशी मेन व्हॉल्व्ह बंद केला तर टाकी रिकामी राहते आणि घरात भांडण. म्हणून नळाचं काम पाण्याच्या दुसऱ्या दिवशी. चोवीस तास पाणी असलेल्या गल्लीत ही अडचण नाही. तिथं दाब सतत असतो, त्यामुळं पाण्याच्या मीटरजवळचा गेट व्हॉल्व्ह खरंच पूर्ण बंद होतो का ते आधी बघावं लागतं. वर्षानुवर्षं न फिरवलेला व्हॉल्व्ह जोर लावला की दांड्यातून तुटतो. हा माणूस पाव फेरा पुढं, पाव फेरा मागं करत तो सोडवतो. दहा मिनिटं जातात, पण रस्ता खणायची वेळ येत नाही.

गळक्या नळाला नवा वॉशर बसवून निघून जाणारे पुष्कळ. वॉशर ज्यावर टेकतो ती पितळी बैठक चिरलेली असेल तर नवा वॉशर महिनाभर टिकतो, मग परत टपटप. इथं बोट फिरवून बैठक तपासली जाते, खाच लागली तर बैठक घासायच्या हत्याराने दोन-तीन फेरे. त्यानंतरही खाच उरली तर नळच बदला, असं स्पष्ट सांगतो. नळ गच्च आवळून बंद करायची सवय हे या खाचेचं मुख्य कारण.

पंखा हळू फिरतोय या तक्रारीवर बरेच जण डोळे झाकून कंडेन्सर बदलतात. तो बहुतेक वेळा खराब असतोच, म्हणून खपतं. इथं मेन बंद करून, कंडेन्सरमधली साठलेली वीज रिकामी करून मल्टिमीटरवर मोजतात. २.५ च्या जागी २.१ किंवा १.८ दिसलं तर बदल, २.४ असेल तर दोष दुसरीकडं आहे, बेअरिंग नाहीतर रेग्युलेटर. पंखा जोरात पळावा म्हणून ३.१५ चा कंडेन्सर टाकायची युक्ती काही जण करतात. त्यात वाइंडिंग तापतं आणि सहा महिन्यांत जळाल्याचा वास येतो. या सेवेत ते होत नाही. नवीन कंडेन्सरवर मार्करने तारीख घातली जाते, वरची वाटी सरकवली की दिसते. बेअरिंग मात्र घरी ठोकत नाहीत. पंखा उतरवून नेतात, दुसऱ्या दिवशी लावून देतात. उन्हाळ्यात ही एक रात्र जड जाते, त्याला इलाज नाही.

गीझरचं काम सगळ्यात चांगलं. प्लग काढून कॉईलचा रोध मोजला जातो: २००० वॅटची कॉईल २३० व्होल्टला साधारण २६ ओहम दाखवायला हवी. काहीच दाखवत नसेल तर तुटली. कॉईल आणि बॉडी यांच्यामध्ये मीटरवर काही आकडा दिसला तर विजेची गळती आहे, पाण्याला हात लावू नका. बोअरवेलच्या पाण्यावर चालणाऱ्या गीझरमध्ये कॉईलवर पांढरा थर जाडजूड बसतो. तो ठोकून काढला तर कॉईलचं आवरण चिरतं. इथं कॉईल पातळ सायट्रिक अ‍ॅसिडमध्ये बुडवून ठेवतात, थर विरघळतो. मॅग्नेशियमचा रॉड झिजून आतली तार दिसत असेल तर बदललाच पाहिजे, नाहीतर पुढची पाळी टाकीच्या पत्र्याची.

दोन ठिकाणी तो अडून बसतो. एक, प्लगमध्ये अर्थिंग नसेल तर गीझर सुरू करून देत नाही. फेज-न्यूट्रल २३० व्होल्ट आणि फेज-अर्थ तेवढेच हवेत तिथं ६०-७० असं मीटरनं दाखवलं की कारण विचारायची गरज उरत नाही. जुन्या घरांत तिसऱ्या भोकामागं तारच नसणं काही विशेष नाही. (मीटरचा हा तपास अर्थिंग चांगलं आहे हे सिद्ध करत नाही, पण तुटलेलं लगेच पकडतो.) दुसरं, गीझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून गळणारं पाणी बंद करा म्हटलं की नकार. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० वर गेलं की जवळपास पाव लिटरनं फुगतं. पाण्याला गार नळीतून मागं परतायची वाट बंद असेल तर ते व्हॉल्व्हमधूनच बाहेर पडणार. तापताना थेंब पडतात ते ठीक, गार असतानाही धार लागली तर व्हॉल्व्ह बदला. तिथं बूच मारणं म्हणजे टाकी फुटायला बोलावणं.

पैशांचं: येण्याचे १५० रुपये, काम झालं तर मजुरीत वळते. सामान छापील किमतीला, रिकामं खोकं तुमच्या हातात. बिल साध्या पावतीवर, जीएसटी नाही. सेवेची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असल्याने नोंदणी सक्तीची नाही. नोंदणी क्रमांक न छापता १८ टक्के जीएसटी लावणारा कुणी भेटला तर क्रमांक असलेली पावती मागा.

आठवडा भागवार वाटलेला आहे: दोन दिवस टिळकवाडी-हिंदवाडी, दोन दिवस अनगोळ-भाग्यनगर, दोन दिवस शहापूर-वडगाव. एका दिवसात रेल्वे गेटच्या अल्याड-पल्याड दोन चकरा टाळायला हेच बरं. पाच घरं, मजुरी सरासरी ३०० धरली तर १५००, आणि पेट्रोल गल्लीतल्या गल्लीत. हाच हिशेब सदाशिवनगर किंवा खानापूरची कामं घेऊन बसत नाही, म्हणून ती घेत नाही.

उणीव मोठी एकच: तातडीला हा माणूस उपयोगाचा नाही. संध्याकाळी सातला पाइप फुटला तर फोनवर व्हॉल्व्ह बंद करायला सांगेल, येणार उद्या किंवा परवा. फोन दुपारी एक आणि संध्याकाळी सातलाच उचलतो, कारण बाकी वेळ शिडीवर असतो. शिडी तुमची, नसेल तर आधी सांगायचं. जून-जुलैत ओल धरलेल्या घरांचे फोन एकदम सुरू होतात, तेव्हा चार-पाच दिवस थांबावं लागतं. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात तर विचारूच नका. गीझर तपासून घ्यायचा असेल तर ऑक्टोबरमध्ये, थंडी पडायच्या आधी, फोन करा.