आय५-३४७० साठी बोर्ड घेताना: नवा एच६१ की वापरलेला बी७५?

कोअर आय५-३४७० प्रोसेसरवाल्या डेस्कटॉपचा मदरबोर्ड गेला की दुकानदार बहुधा दोन बोर्ड पुढे करतो: नवाकोरा एच६१ किंवा वापरलेला बी७५ (ही बोर्डावरच्या चिपसेटची, म्हणजे मुख्य नियंत्रक चिपची नावं). दोन्हींचा सॉकेट (प्रोसेसर बसतो ती जागा) एलजीए ११५५, रॅम डीडीआर३. स्वस्तात एच८१ मिळाला तरी घेऊ नका. त्याचा सॉकेट ११५०, हा प्रोसेसर त्यात बसतच नाही. हीटसिंकची भोकं मात्र ११५५ आणि ११५० दोन्हीकडे ७५ मिलिमीटरवरच, म्हणून जुना पंखा लावून पाहणारा हमखास फसतो.

खरा फरक डिस्कपाशी कळतो. एच६१ च्या चिपसेटमधले सॅटा पोर्ट (डिस्कची केबल लावायची जागा) ३ गिगाबिटचे. एसएसडी (चिपवर चालणारी वेगवान डिस्क) सेकंदाला २५०-२८० मेगाबाइटच्या आसपास अडते. यूएसबी ३.० हवं तर कंपनीने वेगळी चिप लावलेली असावी लागते. रॅम कमाल १६ जीबी. बी७५ वर ६ गिगाबिटचं एक पोर्ट, चिपसेटचेच चार यूएसबी ३.०, आणि रॅमचे चार स्लॉट असतील तर ३२ जीबी. ते वेगवान पोर्ट एकच असतं, बहुधा वेगळ्या रंगाचं. एसएसडी तिथेच लावा, नाहीतर बी७५ घेऊन उपयोग काय?

एच६१ ची आणखी एक मेख: तो २०११ मध्ये दुसऱ्या पिढीच्या प्रोसेसरसाठी आला. बायोस (बोर्ड सुरू करणारं त्यातलं सॉफ्टवेअर) जुना असेल तर तिसऱ्या पिढीचा ३४७० लावल्यावर पंखा फिरतो, डिस्प्ले येत नाही. मग आय३-२१०० सारखा प्रोसेसर तात्पुरता बसवून बायोस अपडेट करावा लागतो. तुमचाच प्रोसेसर लावून दुकानात डिस्प्ले बघा.

बी७५ घेताना सॉकेटवर मोबाईलचा टॉर्च तिरका धरा. सगळ्या पिना सारख्या चमकल्या पाहिजेत. एक जरी वाकलेली असेल तरी कधी रॅमचा एखादा स्लॉट बंद पडतो, कधी बोर्ड चालूच होत नाही. सगळ्या स्लॉटमध्ये रॅम फिरवून तपासा. ‘फक्त एएमडीसाठी’ म्हणून विकली जाणारी स्वस्त ८ जीबीची स्टिक या दोन्ही बोर्डांवर चालत नाही.

एसएसडी असेल तर बी७५, टेस्टिंग वॉरंटी (तपासून पाहायची मुदत) लिहून घेऊन. नुसतं बिलिंग आणि जुनी हार्ड डिस्क असेल तर एच६१ पुरे. कंपनीचा तयार डेस्कटॉप असेल तर आधी एसएमपीएसचा (पॉवर सप्लायचा) प्लग पाहा: एचपी-लेनोवोच्या काही मॉडेलांत २४ पिनांचा प्लगच नसतो, तिथे त्याच मॉडेलचा बोर्ड शोधावा लागतो. विंडोज ११ ला मात्र हा प्रोसेसर अधिकृतपणे चालत नाही, बोर्ड कुठलाही घ्या.

बसवल्यावर विंडोज निळ्या स्क्रीनवर अडकलं तर फॉरमॅट करण्याआधी बायोसमध्ये सॅटा मोड, म्हणजे बोर्ड डिस्कशी कोणत्या पद्धतीने बोलतो ते पाहा. जुन्या बोर्डावर एएचसीआय होतं आणि नव्यावर आयडीई असेल, तर तेवढं बदलून बऱ्याचदा काम होतं.