20 नंबरची जर्सी, तीन सिझन घातल्यानंतर

आधीच सांगतो, कापडाला साडेचार स्टार. पाठीवरच्या नावाला किती द्यायचे यावर आमच्या घरात, ऑफिसात आणि मॉन्ट्रियल मेट्रोच्या ऑरेंज लाइनवर तीन वर्षं भांडण चालू आहे, ते पुढे येईलच.

2022 च्या ऑक्टोबरात घेतली. मॉन्ट्रियल कॅनडियन्सची, म्हणजे इथल्या आइस हॉकी टीमची, घरच्या मैदानाची लाल जर्सी, मधे निळा पट्टा, पाठीवर युराय स्लाफकोव्स्की, नंबर 20. 20 तारखेला पोराने ॲरिझोनाविरुद्ध करिअरमधला पहिला गोल मारला आणि त्याच वीकेंडला मी दुकानात. नाव-नंबर शिवून घेऊन अडीचशे डॉलरच्या पुढे गेलं, वर क्यूबेकमधला जवळजवळ 15 टक्के टॅक्स. बायको म्हणाली, अठरा वर्षांच्या पोरावर एवढे पैसे? आपल्याकडे अठराव्या वर्षी पोराला बाइक पण विचार करून देतात. मी म्हणलं अगं पहिल्या नंबरला घेतलाय टीमने, सगळ्या जगातून पहिला. ती म्हणाली, मग टीमने भरावेत ना पैसे.

आता कापड. ऑथेंटिक घेतली, म्हणजे खेळाडू घालतात त्या टाइपची, आणि इथेच नवीन लोक फसतात कारण तिचे साइज 46, 50, 52 असे आकड्यात असतात आणि आत पॅड घालायचे म्हणून माप आधीच ढगळ असतं. मला शर्ट एल लागतो म्हणून 52 घेतली आणि पहिल्या दिवशी आरशात बघितलं तर पोत्यात भरलेला तांदूळ. एक साइज कमी घेतली तरी चाललं असतं, पण खरं सांगू का, इथल्या जानेवारीत उणे वीस असतं तेव्हा आत स्वेटर, त्याच्यावर जाड हुडी आणि त्याच्यावर ही जर्सी, सगळं आरामात बसतं, त्यामुळे शेवटी चूक फायद्यातच पडली. आतल्या बाजूला मागे खाली एक पट्टा शिवलेला असतो, बटणवाला. मला आधी वाटलं हँगरला अडकवायचा आहे. तो मारामारीसाठी असतो! पॅन्टला अडकवायचा, म्हणजे समोरच्याने जर्सी ओढून डोक्यावरून उलटी करू नये. आमच्या कोल्हापुरात पेठापेठांत फुटबॉलवरून जे काय होतं ते बघता तिथल्या जर्सीलाही हा पट्टा लावायला हवा.

धुवायची उलटी करून, थंड पाण्यात, ड्रायरमध्ये अजिबात नाही. मी एकदा टाकली. 20 मधल्या शून्याचा एक कोपरा उचलला गेला तो आजतागायत तसाच आहे.

पण मेन घोळ नावात झाला. दुकानाचं नाव घेत नाही, डाउनटाउनमधलं होतं, आता तिथे बहुतेक फोन कव्हर विकतात. त्यांनी शेवटच्या वायवरची तिरकी रेघच शिवली नाही. आता कुणी म्हणेल रेघेने काय होतंय, पण स्लोव्हाक भाषेत ती रेघ म्हणजे दीर्घ उच्चार, आपल्या दुसऱ्या वेलांटीसारखी. म्हणजे माझ्या पाठीवर तीन वर्षं 'स्लाफकोव्स्कि' लिहिलेलं आहे, ऱ्हस्व. शाळेत शुद्धलेखनात ह्याच्यासाठी अर्धा-अर्धा मार्क गेलेला माणूस मी, आणि मीच पैसे देऊन चुकीची वेलांटी घेतली.

पहिल्यांदा घालून मॅचला निघालो तेव्हा मेट्रोत एक म्हातारेबुवा मागे उभे होते, माझी पाठ वाचली, मान हलवली आणि म्हणाले "ऑन व्हेरा". फ्रेंचमध्ये म्हणजे बघू या. पण त्यांचा सूर आपल्याकडे स्थळ बघून आल्यावर 'कळवतो' म्हणतात ना, तसा.

कारण तेव्हा सगळ्या शहराचा सूरच तो होता. 2022 चा ड्राफ्ट, म्हणजे एनएचएल ह्या मोठ्या लीगमधल्या टीम नवीन पोरं नंबराने निवडून घेतात तो कार्यक्रम, इथेच झाला, टीमच्या बेल सेंटर स्टेडियममध्ये, आणि वर्षभर लोक धरून चालले होते की पहिला शेन राइट जाणार, कॅनडाचा पोरगा, सेंटरला, म्हणजे मधे, खेळणारा. टीमने घेतला स्लोव्हाकियातल्या कोशित्सेचा सव्वासहा फुटी विंगर (कडेने खेळणारा), म्हणजे आपला स्लाफकोव्स्की. दुसरा गेला शिमोन नेमेत्स, तोही स्लोव्हाक, त्याआधी त्यांचा सगळ्यात वर गेलेला गडी म्हणजे 2000 सालचा गाबोरिक, तिसरा. राइट खाली घसरत चौथ्याला सिअ‍ॅटलला गेला आणि स्टेजवर जाताना त्याने मॉन्ट्रियलच्या टेबलाकडे रोखून बघितलं की नाही यावर लोक अजून तीच क्लिप हळू करून करून बघतात.

आमच्या ऑफिसातला एक क्यूबेकवाला, पन्नाशीचा, लहानपणापासून ह्याच टीमचा, तो राइटवाला. त्याचं म्हणणं की फिनलंडच्या लीगमध्ये तुर्कूकडून 31 मॅचमध्ये 10 पॉइंट (गोल आणि गोलसाठीचे पास, म्हणजे असिस्ट, मिळून) काढणाऱ्याला कोण पहिला घेतं. माझं उत्तर ठरलेलं, अरे बीजिंग ऑलिंपिकमध्ये सतराव्या वर्षी 7 मॅचमध्ये 7 गोल, स्लोव्हाकियाला ब्राँझ, आणि स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू. तो म्हणणार, तिथे एनएचएलवाले नव्हते. मी म्हणणार, नव्हते पण शेंबडी पोरं पण नव्हती, मोठी माणसंच होती. हे संभाषण आमचं कॉफी मशिनपाशी किमान चाळीस वेळा झालं असेल, शब्दही तेच.

आणि पहिला सिझन असा गेला की मला जर्सीवरून जॅकेटची चेन लावून फिरायची वेळ आली. 39 मॅच, 4 गोल, 6 असिस्ट, मधे एकाला मागून बोर्डवर, म्हणजे कडेच्या भिंतीवर, ढकलल्याबद्दल 2 मॅच बंदी, आणि जानेवारीत गुडघा गेला, सिझन संपला. जर्सी कपाटात.

तेव्हाचा वाद मात्र खरंच तोलामोलाचा होता आणि त्यात मी आजही पूर्ण कुणाच्या बाजूला नाही. प्रश्न असा की त्याला लाव्हालला, म्हणजे खालच्या लीगमधल्या टीमला, पाठवायला हवं होतं का. कॅनडाच्या ज्युनियर लीगमधून घेतलेल्या पोराला अठराव्या वर्षी तिथे पाठवता येत नाही, पण हा युरोपातून घेतलेला, ह्याला येत होतं. तिथे वीस मिनिटं खेळला असता, पॉवर प्लेला (समोरचा गडी शिक्षेवर बाहेर असताना) पहिल्या फळीत, चुका करत, गोल मारत. इथे बारा-तेरा मिनिटं, तिसऱ्या-चौथ्या लाइनवर (फॉरवर्डच्या तिघांच्या फळीत), डोकं खाली घालून पक (खेळायची चकती) घेऊन यायचा आणि कुणीतरी आडवा घालायचा. घाई केली म्हणणारे चूक नव्हते. पण कोच मार्टिन सँ लुईचं म्हणणं जवळ ठेवून शिकवायचं. आणि गंमत बघा, सँ लुई म्हणजे जेमतेम पाच फूट आठ इंची माणूस, ज्याला ड्राफ्टमध्ये कुणी घेतलंच नव्हतं, तरी 2004 ला लीगचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू, झाला आणि लीगचा स्टॅनले कपही जिंकला. तो पहिल्या नंबरच्या, शंभर किलोच्या वर वजनाच्या पोराला शिकवणार की तुझं अंग वापर कसं. मी ठरवलं जर्सी विकायची नाही.

आमचा सांगलीचा एक मित्र टोरांटोला असतो, तो फोनवर म्हणाला सचिनला पण वनडेत पहिली सेंच्युरी मारायला 79 वी मॅच लागली, थांब जरा. मी खूश. मग त्यानेच फटका दिला, पण टेस्टमध्ये सतराव्या वर्षीच मारली होती, तुझ्याने काय मारलं?

पुढच्या सिझनला मारलं ना. 2023-24 ला डिसेंबरच्या आसपास त्याला टीमच्या सुझुकी आणि कॉफील्ड ह्या स्टारांच्या लाइनवर पक्का केला आणि मग दुसराच माणूस दिसायला लागला. मी मार्चमध्ये सगळ्यात वरच्या रांगेत बसून बघितलंय, पक कोपऱ्यात गेला, दोन डिफेन्सवाले त्याच्या पाठीवर, आणि हा पाठ त्यांच्याकडे करून तसाच उभा, म्हशीसारखा, एका हाताने स्टिक लांब धरलेली, ते ढकलतायत, हा हलत नाही, आणि मग एकदम छोटासा पास मधे कॉफील्डला. हे टीव्हीवर नीट दिसत नाही कारण कॅमेरा पकच्या मागे जातो. 82 मॅच, 20 गोल, 50 पॉइंट. 9 एप्रिलला फिलाडेल्फियाला 9-3 हरवलं त्यात ह्याची हॅट्रिक, तीन गोल. दुसऱ्या दिवशी ऑफिसला जर्सी घालूनच गेलो, क्यूबेकवाला काही बोलला नाही, माझ्यासाठी कॉफी आणून ठेवली.

1 जुलै 2024 ला आठ वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट, वर्षाला 76 लाख अमेरिकन डॉलर. सुझुकी आणि कॉफील्डच्या जरा खाली. आणि परत भांडण सुरू, आता मापच बदललं. आधी विचारायचे हा खेळाडू आहे का, आता विचारतात 76 लाखांचा आहे का. 2024-25 चा पहिला अर्धा भाग थंड, लोक म्हणायला लागले पैसे मिळाले आणि झोपला, मग फेब्रुवारीच्या सुट्टीनंतर गाडी सुटली, टीम शेवटच्या मॅचला प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, घुसली, वॉशिंग्टनने पाच मॅचमध्ये घरी पाठवली. ह्याचे शेवटी 18 गोल, 51 पॉइंट. ड्राफ्टमध्ये तिसऱ्या नंबरला गेलेल्या लोगन कूलीचे त्याच सिझनला 65. राइटचे 44.

आता माझं मत, कुणी विचारलं नाही तरी. कूली जास्त चमकदार आहे, मान्य, ड्राफ्ट परत केला तर बरेच जण त्याला आधी घेतील. पण कॉफील्ड ज्या मोकळ्या जागेतून शूट करतो ती जागा कोण करून देतं ते बघा ना. माझी तक्रार वेगळी आहे, हा शूटच करत नाही! समोर जाळं उघडं, आख्खा सेक्शन बोंबलतोय शूट शूट, आणि हा आजूबाजूला बघून पास शोधतो, लग्नाच्या पंगतीत शेवटची जिलबी कोण घेणार तसं. शंभर पॉइंटवाला होईल असं मला वाटत नाही. सत्तरचा होईल आणि प्लेऑफमध्ये समोरच्याला नकोसा होईल. क्यूबेकवाला म्हणतो पहिल्या नंबरकडून सत्तर म्हणजे कमी. मी म्हणतो नंबर टीमने दिला, पोराने मागितला नव्हता.

तर जर्सी. 2025 च्या उन्हाळ्यात ठरवलं वेलांटी दुरुस्त करायचीच. मॉन्ट्रियलच्याच पार्क एक्सटेन्शन भागात एक पंजाबी काकू कपडे अल्टर करतात, त्यांच्याकडे नेली. त्या जालंधरच्या बाजूच्या, म्हणजे संसारपूरच्या पट्ट्यातल्या, जिथून डझनावर हॉकी ऑलिंपियन निघाले. हॉकी म्हणल्यावर चष्मा वर केला. "कौनसी, बर्फवाली?" हो म्हणलं. "कहाँ खेलता है?" फॉरवर्ड. "कितने साल का?" 21. मग शून्याचा उचललेला कोपरा बोटाने दाबून बघितला, म्हणाल्या दोन्ही करून देते, 15 डॉलर, शनिवारी या.

शनिवारी गेलो. कोपरा एकदम पक्का बसवलाय, टाका शोधून सापडत नाही. वायवर पांढऱ्या कापडाची रेघ पण आहे, छान जाड, दुहेरी शिवण. फक्त उजवीकडे झुकायला हवी ती डावीकडे झुकलीये. मी पैसे दिले, सतश्रीअकाल म्हणलं आणि घरी आलो. म्हणून साडेचार, पाच नाही.