सीरियल केबलचे दोन स्क्रू: आठ महिने वापरल्यानंतर

परवा रात्री मशीनच्या कंट्रोलरचं फर्मवेअर (त्याच्या आतला प्रोग्राम) एका दमात बदलून झालं, तेव्हाच ठरवलं की या केबलबद्दल लिहायचं.

आमची डाळमिल जळगाव एमआयडीसीत. पॉलिशिंग लाइनवरचा कंट्रोलर जुना. त्याला इथरनेट नाही, फर्मवेअर टाकायचं तर ९ पिनच्या सीरियल पोर्टमधूनच. कंट्रोलरची कंपनी फाइल मेलवर पाठवते. माणूस बोलावला तर भाडं, मुक्काम, सगळं बिलात येतं, म्हणून हे काम मीच करतो.

आधी २५० रुपयांची यूएसबी-सीरियल केबल होती, लॅपटॉपच्या यूएसबीतून सीरियल पोर्टला जोडणारी. फेब्रुवारीत तुरीचा सीझन भरात असताना तिच्यावरून अपडेट सुरू केलं आणि ६३ टक्क्यांवर सगळं थांबलं. डिस्प्ले कोरा. मागे ऑपरेटर उभा, "काय झालं भो, मशीन चालू होईन का नाही?" मला घाम फुटला होता. पण लॅपटॉपवर टेराटर्मच्या (सीरियल पोर्टशी बोलायचा प्रोग्राम) खिडकीत सी, सी, सी असं एकच अक्षर येत राहिलं. ती एक्समोडेम या फाइल पाठवायच्या पद्धतीची हाक: बूटलोडर (फर्मवेअर चढवून घेणारा छोटा प्रोग्राम) जिवंत आहे आणि फाइल मागतोय. या कंट्रोलरमध्ये बूटलोडर फ्लॅश मेमरीच्या वेगळ्या भागात बसतो, अपडेट त्याला हात लावत नाही. जीवात जीव आला. तिसऱ्या खेपेला फाइल पूर्ण गेली. तोवर मिल चार तास बंद.

फाइलच खराब आहे म्हणून मी कंपनीशी फोनवर भांडलो. नंतर कळलं, चूक माझी होती. शेजारी धान्य वर चढवणारा एलिव्हेटर चालू, पॅनल थरथरतंय आणि माझ्या केबलला स्क्रूच नाहीत. प्लग नुसता दाबून बसवलेला. क्षणभर संपर्क सुटला की फाइलचा तो तुकडा, म्हणजे पॅकेट, गेलंच. मी कंपनीला फोन करून तसं सांगितलं. केबल मात्र दुकानदाराने परत घेतली नाही.

मार्चमध्ये १,६५० ची एफटीडीआय कंपनीच्या चिपवाली आयसोलेटेड (लॅपटॉप आणि मशीन विजेने वेगळे ठेवणारी) केबल मागवली. शेठजींकडून मंजुरी मिळवायला दोन आठवडे गेले. तिला दोन्ही बाजूंना हाताने फिरवायचे स्क्रू आहेत. पण आमच्या पॅनलच्या पोर्टवरचे षटकोनी नट कधीच हरवलेले, मग स्क्रू धरणार कशाला? हार्डवेअरच्या दुकानातून एम३ (३ मिलीमीटर मापाचे) नट आणले. दीड-दोन आटे गेले आणि अडकले. जोर लावला तर आटेच खराब झाले. या प्लगचे आटे मिलीमीटरच्या मापाचे नसतातच, ४-४० यूएनसी हे इंची माप लागतं. शेवटी भंगारातल्या कॉम्प्युटरच्या व्हीजीए पोर्टचे नट काढले, ते बरोबर बसले. हे माप केबलच्या पाकिटावर छापायला हवं होतं. १,६५० घेता, तर दोन-चार नट सोबत द्या ना! यावर माझा राग अजून गेलेला नाही.

पहिला महिना मी हिला तीनच तारे देत होतो, कारण ५१२ केबीची फाइल जायला दोन मिनिटं लागायची. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टच्या सेटिंगमध्ये लेटन्सी टाइमर दिसला (आलेला डेटा लॅपटॉपला देण्याआधी केबल किती थांबते ते), मुळात १६ मिलीसेकंद. एक्समोडेम १२८ बाइटचं पॅकेट पाठवतो आणि पोच येईपर्यंत थांबतो. ५१२ केबी म्हणजे ४,०९६ पॅकेटं. प्रत्येक पोचेला १६ मिलीसेकंद धरले तर मिनिटभर नुसतं वाट पाहण्यात जातं. टाइमर १ वर आणला. आता सेकंदाला ११५२०० बिटच्या वेगाला मिनिटाच्या थोडं वर लागतं. दोष सेटिंगचा होता. तीनाचे चार तारे केले.

आयसोलेशनचा फायदा मे महिन्यात कळला. शेजारचा मोटरचा ड्राइव्ह चालू असला की जुन्या केबलवर स्क्रीनवर कचरा अक्षरं उमटायची, हिच्यावर एकदाही नाही. त्या उन्हात, पॅनलरूम भट्टीसारखी तापलेली असतानाही, केबल दगा देऊन गेली नाही. लांबी कमी पडते, लॅपटॉप डाळीच्या पोत्यावर ठेवावा लागतो. ते चालतं. अपडेटआधी मी कंट्रोलरचे पॅरामीटर (सेटिंगचे आकडे) उतरवून घेतो, लॅपटॉपची स्लीप बंद करतो आणि दोन्ही स्क्रू हाताने तपासतो.

पाचवा तारा नटांसाठी राखून ठेवलाय. भंगारातून आणखी दोन मिळाले, ते पॅनलच्या दाराला आतून टेपने चिकटवून ठेवलेत.